साफसफाईला ठेवलेल्या बंदुका

१२ मार्च

काडतुसांच्या कंपनीने यंदाही ही वही फुकट पाठवली. कापडी बांधणी, वर शिंगांचं हरीण. माझा नवरा जेरार्ड होता तेव्हा तो हिच्यात लोकांनी मारलेल्या हरणांची वजनं लिहायचा, आणि त्यातली निम्मी खोटी असायची. तो जाऊन चार वर्षं झाली, वह्या मात्र येतच असतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब चढतोय तर मनातलं लिहून काढत जा, लिओना. लिहिते. मनात फार काही साठलंय असं मला तरी वाटत नाही.

आज क्लोव्हिस दुकानात आला. रीटा, त्याची बायको, जाऊन तीन आठवडे झाले. पाच बंदुका रजईत गुंडाळून आणल्या होत्या. बाळ झोपवावं तशा काउंटरवर ठेवल्या.

"साफ करायच्यात," म्हणाला.

"बरं."

"घाई नाही."

"बरं," म्हटलं, आणि चिठ्ठी लिहिली.

एवढंच आमचं बोलणं. बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही, पण आमच्या खोऱ्यात "घाई नाही" म्हटलं की समजायचं ते समजतात. कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा, कुणाची बायको सोडून गेली तेव्हा, कुणाचा मुलगा लढाईवरून परत येऊन भिंतीकडे बघत बसायला लागला तेव्हा, बंदुका आमच्या दुकानात साफसफाईला आल्या. जेरार्डच्या वडिलांपासूनची ही पद्धत आहे. आणणारा कारण सांगत नाही, आम्ही विचारत नाही. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवायच्या. माणूस ताळ्यावर आला की येतो, चिठ्ठी दाखवतो, घेऊन जातो. साफसफाईची बंदूक ज्याची त्याला परत देताना सरकारी फॉर्मसुद्धा लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या काळात चौदा जण आले आणि चौदाही जण आपापल्या बंदुका घेऊन गेले. त्यातला एमिल तेवढा वर्षभराने बंदूक साफ करताना अपघातात गेला. पण तो अपघात होता.

क्लोव्हिसच्या बंदुका खरंच साफ करण्याजोग्या होत्या. वर्षभर हात लावलेला दिसत नाही.

२९ मार्च

वेंडेल आला होता. दुकानात येतो तेव्हा तो गिऱ्हाईक असतो आणि कोट घालून आला की आमदार. आज कोट होता.

राजधानीत नवं विधेयक आलंय. घरातल्या माणसाला जर वाटलं की आपला माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय, तर त्याने थेट न्यायाधीशाकडे जायचं. न्यायाधीश काही आठवड्यांसाठी त्याच्या बंदुका काढून घ्यायला लावणार. वेंडेल विरोधात आहे. खोऱ्यात कोण नाही?

"सुनावणीला तू चल," म्हणाला. "मी बोललो की म्हणतात राजकारण करतोय. तू दुकानदार, विधवा बाई, त्यातून खरं बोलणारी. आपण आपल्या माणसांची काळजी कशी घेतो ते सांग त्यांना. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे."

"मी कधी भाषण केलं नाही."

"तुझं तोंड बंद असलेलं मी तरी अजून पाहिलं नाही," म्हणाला. मला हसू आलं. हो म्हटलं.

संध्याकाळी जॅनेलचा फोन. ही क्लोव्हिसची एकुलती एक मुलगी, दक्षिणेत शहरातल्या इस्पितळात नर्स आहे. नातं काही नाही, पण लहानपणापासून मला मावशी म्हणते. ती विधेयकाच्या बाजूने बोलणार आहे म्हणे.

"तू बाबांच्या बंदुका ठेवून घेतल्यास, फार बरं केलंस, मावशी. पण त्यांनी परत मागितल्या तर?"

"मागेल तेव्हा तो बरा झालेला असेल."

"ते कोण ठरवणार?"

"तोच. माणसाला स्वतःचं स्वतःला कळत नाही का?"

"माझ्या वॉर्डात येणाऱ्यांना नाही कळत," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या वॉर्डात शहरातली माणसं येतात. तिने हवा कशी आहे ते विचारलं.

१६ एप्रिल

वेंडेलच्या गाडीतून पाच तास. कंबर मोडली. विधानभवनात सगळीकडे गुळगुळीत दगड, तोल सांभाळून चालावं लागतं.

बोलायला तीन मिनिटं. समोर दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, मग लाल. माझ्या आधी फोटो घेऊन आलेल्या बायका बोलल्या. मेलेल्या मुलांचे फोटो, एकीच्या हातात नवऱ्याचा. मी बघितले नाहीत. बघितले असते तर माझं बोलणं विसरले असते.

माझी पाळी आली आणि देवाशपथ, मला शब्द शोधावे लागले नाहीत. मी आमची पद्धत सांगितली. म्हटलं, आमच्याकडे न्यायाधीश लागत नाही, शेजारी पुरतो. समिती ऐकते आहे पण तिला पटत नाही, असं दिसलं. म्हणून मग उदाहरण दिलं. नाव अर्थातच घेतलं नाही. म्हटलं, एकोणसत्तर वर्षांचा गृहस्थ, जन्मभर गिरणीत काम केलेला, फेब्रुवारीत बायको गेली. कुणी सांगितलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. पाच बंदुका बायकोच्या रजईत गुंडाळून स्वतःहून माझ्याकडे घेऊन आला. कुठल्या कोर्टाने त्याची एवढी लाज राखली असती?

टाळ्या वाजवायला तिथे बंदी आहे, म्हणून आमच्या बाजूचे लोक हात वर करून हलवत होते. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. तो क्षण मी विसरणार नाही.

जॅनेल तीन रांगा मागे बसली होती. बाहेर गाठ पडली. मला वाटलं, मतं वेगळी असली तरी मिठी मारेल.

"बाबांचं नाव नाही घेतलंस, मावशी," म्हणाली. "तेवढंच काय ते शिल्लक ठेवलंस."

मुलं शहरात गेली की बोलणं असं तिखट होतं. परतीच्या वाटेवर वेंडेल दोनदा म्हणाला की आज मीच बाजी मारली.

१९ एप्रिल

वर्तमानपत्रात माझा फोटो. केस जरा बसवून जायला हवे होते. खाली माझं बोलणं जसंच्या तसं, रजईसकट.

डॉटच्या हॉटेलात सकाळी सगळी मंडळी धिरडी खायला जमलेली. मी आत शिरले तर दोघांनी उठून सलाम ठोकला. क्लोव्हिस त्याच्या नेहमीच्या जागी, खिडकीजवळ. कुणीतरी म्हणालं, "काय क्लोव्हिस, न्हाऊन झाल्या का तुझ्या बंदुका?" दुसरा म्हणाला, "अरे, रजईत झोपल्यात त्या, उठवू नकोस." सगळे हसले. क्लोव्हिसही हसला. माणूस खिलाडू आहे, मनाला लावून घेणारा नाही. अर्धं धिरडं ठेवून उठला, म्हणाला गाडीचं तेल बदलायचंय.

मी दारापर्यंत गेले. म्हटलं, "मी नाव घेतलं नव्हतं हं."

"मला ठाऊक आहे, लिओना," म्हणाला. "छान बोललीस."

२० मे

विधेयक पडलं. समितीत एका मताने. वेंडेल केक घेऊन आला. वर हिरव्या साखरेचं हरीण काढलेलं. अध्यक्षबाई म्हणे मत देताना म्हणाल्या की उत्तरेकडच्या त्या दुकानदार बाईंचं बोलणं त्यांच्या मनातून जात नाही. एका मताने! म्हणजे ते मत माझंच की.

नुसतं पाडलं असंही नाही. त्याच्या बदल्यात वेंडेलच्या लोकांनी दुसरं मंजूर करून घेतलं. आमच्या जिल्ह्याला मनाच्या आजारांसाठी एक समुपदेशक मिळणार, आठवड्यातून दोन दिवस. वेंडेल म्हणाला, "खरा प्रश्न बंदुकांचा नाही, मनाचा आहे. त्यावर इलाज केला आपण." मला पटलं. जॅनेलला फोन करून सांगावं असं वाटलं, पण ती टोमणा मारेल म्हणून नाही केला.

८ जून

क्लोव्हिस आताशा डॉटकडे येत नाही. गुडघे दुखतात म्हणे. घेवड्याची हंडी घेऊन त्याच्याकडे गेले. परसात या वर्षी काहीच लावलेलं नाही, नुसतं गवत. आत रीटाचा कोट अजून खुंटीला आहे. मी म्हटलं, हा चर्चमध्ये देऊन टाक, कुणाला तरी ऊब मिळेल. हो म्हणाला.

"बस ना थोडी," म्हणाला.

पण दहाला दुकान उघडायचं होतं.

२२ जुलै

समुपदेशक बाई आल्या एकदाच्या. पंचायतीच्या तळघरात त्यांची खोली, बाहेर तीन खुर्च्या. मी क्लोव्हिसला स्वतः घेऊन गेले. तो गाडीत म्हणाला, "मला काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही झालं, म्हणून तर जायचं. सरकारने फुकट दिलंय, न वापरायला आपण काय वेडे आहोत?" मग जीभ चावली, पण तो हसला.

नाव लिहून घेणाऱ्या मुलीने तारीख दिली नऊ डिसेंबर. त्याच्याकडे फोन उचलायला कुणी नसतं म्हणून मी दुकानाचा नंबर दिला.

"डिसेंबरपर्यंत एकतर मी बरा होईन," क्लोव्हिस म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून टोपी घातली.

म्हटलं, "बघ, कायद्याने सोय झाली की नाही?"

२९ ऑक्टोबर

परवापासून हरणांचा मोसम. दुकानात दिवसभर पाय ठेवायला जागा नव्हती. तीनच्या सुमाराला गर्दी ओसरली आणि क्लोव्हिस आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. इतक्या महिन्यांत त्याला असा पाहिला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला न विचारताच कॉफी ओतली.

"रायफल न्यायला आलोय," म्हणाला. "लांब नळीची."

"पाचही ने की."

"एक पुरे. बाकीच्या राहू देत. जॅनेलला होतील."

जॅनेलने उभ्या जन्मात ससासुद्धा मारला नाही. मला हसू आलं.

मी रायफल आणली. तो हात न लावता बघत राहिला. मग म्हणाला, "झाली का साफ?"

"सात महिने झाले, क्लोव्हिस. सात महिन्यांत मी तोफ साफ केली असती."

"तसं नाही. काही राहिलं असेल तर असू दे इथेच. माझं काही म्हणणं नाही."

म्हटलं, काही राहिलेलं नाही. नळी उजेडाकडे धरून दाखवली, आरशासारखी. त्याने कॉफी प्यायली, गेल्या वर्षीच्या बर्फाचं बोलला, रीटाला थंडी कशी आवडायची ते बोलला, आणि पुन्हा म्हणाला, "नीट बघितलीस ना? घाई नाही मला."

आता मला राग यायला लागला होता. चाळीस वर्षं मी हे काम करतेय, माझ्या कामावर कुणी असा संशय घेतला नव्हता. तोंडावर तसं म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "संशय नाही गं." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ठीक, नाहीतर असं चाळीस मिनिटं काउंटर अडवून उभं राहायचं म्हणजे काय.

जाताना म्हणाला, "शिकारीच्या कॅम्पवर रिकाम्या हाताने गेलो तर पुन्हा तेच सुरू होईल. रजई वगैरे." हसतच म्हणाला, पण मला ते लागलं. माझ्यामुळे त्याची चेष्टा झाली हे मला कळतं. त्यामुळेच असेल, मी जरा घाईनेच रायफल कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिली. चिठ्ठीही मागितली नाही.

"अगदी झाली ना?" दारातून तिसऱ्यांदा विचारलं.

"जा बाबा आता," म्हटलं. "हरणं वाट बघतायत."

माणूस ताळ्यावर आला. पंधरावा.

१ नोव्हेंबर

काल क्लोव्हिस कॅम्पवर आला नाही. आज दुपारी वेंडेल त्याच्या घरी गेला. घरामागच्या शेडमध्ये होता.

जॅनेलला फोन मीच केला.

६ नोव्हेंबर

आज पुरलं. जमीन अजून गोठली नाही, नाहीतर वसंतापर्यंत थांबावं लागलं असतं. फादर चांगले बोलले.

चर्चच्या खालच्या दालनात सँडविच होती. माणसं ताटल्या घेऊन उभी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. बंदूक साफ करताना सुटली. काय दुर्दैव. मोसमाच्या तोंडावर साफ करायला घेतली आणि सुटली. वर्तमानपत्रात तसंच छापून आलंय. वेंडेलने मला कोपऱ्यात घेतलं.

"हे असंच राहू दे," म्हणाला. "पोरीसाठी. फादरसाठी. आणि तुझ्यासाठीसुद्धा."

मी मान हलवली. मग त्याची ताटली, माझी ताटली, दोन्ही नळाखाली धरून उभी राहिले आणि पाणी वाहत राहिलं. ती रायफल मी साफ केली होती. सात महिन्यांत चार वेळा. काही काम नसलं की काढायचे आणि पुसायचे. साफ करायला त्या रायफलीत काही उरलंच नव्हतं.

मग एमिल आठवला. बंदूक साफ करताना गेला म्हणतात. तीसुद्धा मीच साफ करून दिली होती.

एवढी वर्षं मला हे कसं दिसलं नाही? दिसलं नाही की मी बघितलं नाही? त्या फोटोवाल्या बायकांकडे नाही बघितलं तसं.

७ नोव्हेंबर

जॅनेल सकाळी दुकानात आली. दाराला आतून कडी लावली आणि स्टुलावर बसली.

"मावशी, मला तुझ्याकडूनच ऐकायचंय. काय काय झालं?"

मी सगळं सांगितलं. शर्ट, कॉफी, बर्फ. रायफल उजेडाकडे धरून दाखवली तेसुद्धा. काही राहिलं असेल तर असू दे म्हणाला, ते सांगितलं. सांगता सांगता माझ्याच कानांना ते नव्याने ऐकू आलं.

"किती वेळा विचारलं त्यांनी?"

"तीनदा."

ती रडली नाही. नर्सा रडत नाहीत वाटतं. "ते तुला नाही म्हण म्हणून सांगत होते," म्हणाली. "इतकं सोपं करून सांगत होते. एक स्प्रिंग राहिलीय म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"मला वाटलं, माझ्या कामाला नावं ठेवतोय."

"मला फोन का नाही केलास?"

साफसफाईला आलेल्या बंदुकीबद्दल कुणी मुलीला फोन करतं का? पद्धतच तशी आहे. देणारा काही म्हणत नाही, घेणारी काही विचारत नाही, आणि परत मागितली की द्यायची. नाही म्हणायची त्या पद्धतीत कुठे जागाच नाही. ज्या दुकानदाराने नाही म्हटलं त्याने मूठ उघडली. आणि ती मूठ तर मी एप्रिलमध्येच तीन मिनिटांत सगळ्या राज्यापुढे उघडली होती, नको तिथे.

"तू फोन केला असतास तर मी त्याच दिवशी न्यायाधीशाकडे गेले असते," जॅनेल म्हणाली. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "पण त्यांनी मला कुठल्या कायद्याखाली आत घेतलं असतं?"

विधेयक तू पाडलंस, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "आज नको, मावशी." कडी काढून गेली.

१९ नोव्हेंबर

दुकान अर्धा दिवस उघडलं. वजन करायला कुणीतरी हरीण आणलं, मी आकडा नीट वाचला नाही.

आठ जूनची नोंद वाचली. "बस ना थोडी."

१० डिसेंबर

दुकानाचा फोन वाजला. समुपदेशक बाईंच्या इथली मुलगी. क्लोव्हिस काल आलेच नाहीत, त्यांना दुसरी तारीख हवी आहे का? मार्चमधली आहे.

मी म्हटलं, नको. मुलगी फार अदबीने बोलत होती, म्हणाली काही हरकत नाही, त्यांची जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊ. मी तिला म्हटलं, लवकर द्या.

१४ जानेवारी

विधेयक नव्या अधिवेशनात पुन्हा आलंय. वेंडेल परवा दुकानात आला होता, कोट घालून. म्हणाला, "या वेळी तू येऊ नकोस. दुःखात आहेस, कुणी काही म्हणणार नाही." मी म्हटलं, येणार आहे, पण तुझ्या गाडीतून नाही. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. "लिओना, तू बोललीस तर ते अपघात राहणार नाही," म्हणाला. "खोऱ्यात तुझ्याकडे पुन्हा कोण बंदुका आणेल?" मला त्याचा राग आला नाही. तो क्लोव्हिसबरोबर तीस वर्षं शिकारीला गेला होता आणि शेडचं दार त्यानेच उघडलं होतं. त्याला ते अपघातच हवंय, स्वतःसाठीच.

जॅनेलला आधी विचारलं होतं. म्हटलं, तुझ्या बाबांबद्दल मी पूर्वी तुला न विचारता बोलले. या वेळी तू नको म्हणालीस तर घरी बसेन. ती म्हणाली, "नाव घे त्यांचं."

आज सुनावणी झाली. तोच दिवा, तीच खोली. मी त्याचं नाव घेतलं. म्हटलं, एप्रिलमध्ये मी ज्या गृहस्थाबद्दल बोलले होते त्यांचं नाव क्लोव्हिस. त्यांनी ऑक्टोबरमध्ये रायफल परत मागितली, मी दिली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी जीव दिला. अपघात नव्हता. मी साफ केलेली रायफल होती ती.

अध्यक्षबाई खाली बघत होत्या. एका आमदाराने विचारलं, तरुण होता, आवाज मऊ ठेवून, "म्हणजे बाई, आता तुमचा या कायद्याला पाठिंबा आहे?"

मी जॅनेलच्या गाडीत पाच तास उत्तर घोकलं होतं. ते आलंच नाही. म्हटलं, "मला कायद्यातलं कळत नाही. बंदुकीवर राग धरायचं माझं वय नाही, आणि उद्या कुणी सुडाने नवऱ्याच्या बंदुका काढून घ्यायला लावेल, त्याची भीती मला अजूनही वाटते. पण त्या दिवशी नाही म्हणायला माझ्या हातात काही नव्हतं. आणि त्याच्या मुलीच्या हातात जे असतं, ते मी इथे येऊन काढून घेतलं होतं."

दिवा लाल झाला. हात कुणीच हलवले नाहीत, ना या बाजूने ना त्या.

मतदान पुढच्या महिन्यात. जॅनेल म्हणते, काही सांगता येत नाही. परतीच्या वाटेवर तिने थर्मासमधली कॉफी मला आधी दिली.

३ फेब्रुवारी

डॉटकडे माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. भांडत नाहीत, बसत नाहीत, एवढंच. दोघांच्या बंदुका चिठ्ठीवर ठेवलेल्या होत्या, त्या दोघांनीही नेल्या. वेंडेल म्हणाला होता तसंच झालं.

आज अकराच्या सुमाराला एक बाई आली. नदीच्या खालच्या अंगाची, चाळिशीची. चादरीत तीन बंदुका.

"साफ करायच्यात," म्हणाली. "घाई नाही."

तिने माझं एप्रिलमधलं बोलणं वाचलं असावं, जानेवारीतलं नाही. मी पेन उचललं.

"कुणाच्या?"

"नवऱ्याच्या."

"तो कुठे आहे?"

"बाहेर गाडीत. थंडी आहे ना, म्हणून नाही आला."

खिडकीतून दिसत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि इंजिन बंद. शून्याखाली वीस आहे आज, इंजिन बंद करून कुणी गाडीत बसत नाही.

मी पेन ठेवलं. कोट न घालताच बाहेर गेले. ती बाई मागून म्हणत होती, नको, नको, त्याला नाही आवडणार. मी काच वाजवली. त्याने खाली केली. विधानभवनात दोनदा बोलले, पण एवढी घाबरले नव्हते. त्रेसष्ट वर्षांत हा प्रश्न मी कुणाला तोंडावर विचारलेला नाही.

"जीव द्यावा असं वाटतं का तुला?" मी विचारलं.

मला वाटलं, शिवी देईल. काच वर करेल. त्याने माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे.

"हो," म्हणाला. "नाताळपासून."

मी पलीकडून जाऊन त्याच्या शेजारी बसले आणि त्याला इंजिन सुरू करायला लावलं. तो बोलत होता, मी ऐकत होते. मग तिथूनच जॅनेलला फोन लावला. तिने त्याच्याशी बोलून त्याला कुठे न्यायचं ते सांगितलं, आणि दुपारी ती दोघं तिकडे गेली. बंदुका माझ्याकडे आहेत. तो परत मागायला आला तर नाही म्हणेन, हे त्याला तोंडावर सांगितलंय. तो बरं म्हणाला.

विचारायला अर्धं मिनिटही लागलं नाही. क्लोव्हिसला मी ते विचारलं नाही.